भादव्यातलं सूत

आज सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर हवा बोटांना कळली. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासून पाहिलं. कोरडी नाही, चिकटही नाही. सुताला अशीच हवा लागते. "भादवा आला," मी दूधवाल्याला म्हटलं. तो म्हणाला, "अंकलजी, भादो तो जाने वाला है."

इकडच्या हिंदी लोकांचा भादवा आमच्याआधी पंधरा दिवस येतो आणि आधी जातो. एका गल्लीत दोन भादवे. माझा पंचांगानं नाही, बोटांनी येतो; तो आज आला.

आमच्या इथल्या मराठी वाचनालयाच्या बाई दोन महिने मागे लागल्या आहेत, काका, तुम्ही सूतमिलमध्ये होता, अंकासाठी मिलचा इतिहास लिहून द्या. मी म्हटलं, बाई, मी चौथी पास. त्या म्हणाल्या, मग चौथीपर्यंतचं लिहा. बाई हुशार आहेत. म्हणून बसलो आहे. पण पाया कधी खणला, कोणत्या साहेबानं पहिलं चाक फिरवलं, हे मला विचारू नका. ते कुठल्यातरी कपाटात लिहिलेलं असेल. मला इतिहासातला एकच भादवा येतो. आणि सरळ सांगतो, तोही मी मिलसाठी लिहीत नाही. माझी बायको प्रमिला गेल्या भादव्यात गेली. जाताना एक शब्द बोलली. तो मी चुकीचा धरला, हे मला परवा-तेरवा कळलं. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही राहत नाही.

तरी बाईंचा मान राखून थोडा इतिहास.

आमचे खापरपणजोबा संस्थानच्या पागेत स्वार होते. तलवार होती, घोडा होता, लढाई नव्हती. महाराजांच्या मनात आलं की इंदुरात सूत काढायची गिरणी घालायची. यंत्रं जहाजानं आली, मग रेल्वे जिथं संपत होती तिथवर रेल्वेनं, आणि तिथून घाट चढून हत्ती आणि बैलगाड्या. पागेतले स्वार पहाऱ्याला. घरात सांगतात ते असं, की एक भलं मोठं लोखंडी चाक भादव्यात काळ्या मातीत रुतलं ते महिनाभर निघालंच नाही. बाकीचे पुढे गेले. खापरपणजोबा चाकापाशी तंबू ठोकून राहिले. गंज धरेल म्हणून खोगिराला लावायचं तेल रोज चाकाला चोळत बसले. चाक निघालं, इंदूरला पोचलं, तेव्हा साहेबानं विचारलं, याला तेल कोणी घातलं? झालं. तलवार खुंटीला आणि आमचं घराणं तेलाच्या बुधल्याला. खरं-खोटं देव जाणे. तात्या, म्हणजे माझे वडील, हे सांगून झालं की शेवटी म्हणायचे, "घोड्यावरनं उतरलो ते चाकाखाली बसलो."

जुनी माणसं मिलला पुतळीघर म्हणायची. आत कोणी हात न लावता चात्या फिरतात, सूत आपोआप निघतं, म्हणजे कोणीतरी पुतळ्या नाचवतो आहे असं लोकांना वाटे. सुरुवातीला गावातलं कोणी आत जायला तयार नव्हतं म्हणे. घरी चरखा चालवणाऱ्या म्हाताऱ्या लांब उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, इतकं सूत, याचं नेसणार कोण?

मी आत गेलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो. पुतळी-बितळी कुठे नव्हती. आवाज होता. तो आवाज लिहून सांगता येत नाही. पहिल्या दिवशी वाटलं की आपण भिंतीत शिरलो. हजारो चात्या एकदम फिरतात, पायाखालची फरशी थरथरते, कापसाची बारीक फूस भुवयांवर बसते. कानाला तोंड लावून कोणी ओरडलं तर त्याचा श्वास गरम लागतो, शब्द लागत नाही.

म्हणून साचेखात्यात, साचे म्हणजे सूत काढायची यंत्रं, कोणी ओरडत नाही. आवाजच काढत नाही. ओठ हलवायचे आणि समोरच्यानं वाचायचे. माझ्यासमोरच्या साच्यावर गेंदालाल होता, माळव्यातला, उज्जैनकडचा. त्यानं मला शिकवलं. पहिले आठ दिवस मी तोंड वेंगाडून बोलायचो तर तो कपाळाला हात लावायचा. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन म्हणाला, "आराम से हिला होठ, भिया. चने मत चबा."

या बोलीत एकच अडचण. प, फ, ब, भ, म, पाचही अक्षरं ओठ मिटून होतात, लांबून सारखीच दिसतात. गेंदालाल म्हणायचा "बाप आया" आणि मी समजायचो "माप आया", जाऊन सूत मोजणाऱ्या बाबूसमोर उभा राहायचो. त्यासाठी जुन्या लोकांनी एक खूण काढून ठेवली होती. म असेल तर म्हणताना नाकाला बोट लावायचं, कारण म नाकातून येतो. बाकीची चार अक्षरं आगे-मागे बघून कळतात. पण म चुकू द्यायचा नाही. साचेवाल्याचं पोर शाळेत जायच्या आधी हे शिकलेलं असे.

सुताचे महिने वेगळे असतात. चैत्र-वैशाखात हवा इतकी कोरडी की तारा तडातड तुटतात. एक सांधावी तोवर चार गेलेल्या. वरून पाण्याचे फवारे सोडत, तरी तेच. श्रावणात उलट, हवा पिळून काढावी अशी ओली, कापूस रोलरला गुंडाळतो, आकडीनं ओरबाडत बसा. भादव्याचे पंधरा-वीस दिवस मात्र असे येतात की तार तुटत नाही. साचा आपला आपण चालतो. साचेवाल्याला मान वर करता येते. वर्षातून तेवढेच दिवस आम्हाला एकमेकांचे चेहरे नीट दिसायचे.

लग्नानंतरचा आमचा पहिला भादवा तसा होता.

प्रमिला देवासची. लग्नाच्या पंगतीत कोणीतरी म्हटलं, वा, पोरगी नावातच मिल घेऊन आली. ती हसली नाही. नंतर मला म्हणाली, "तुमच्या इंदूरचे लोक जोक मारतात का दगड?"

ती दुपारी डबा आणायची. डबा गेटवर द्यायचा आणि निघायचं, अशी रीत. पण माझ्या साच्याच्या मागे बोळाकडे एक जाळीची खिडकी होती. ती तिनं शोधून काढली. डबा देऊन बोळातून फिरून खिडकीशी उभी राहायची आणि बोलायची. मला ढिम्म ऐकू येत नसे. मी ओठांनी म्हणायचो, ओरडू नकोस, ओठ हलव. ती ओरडून म्हणायची, काय? दुसऱ्या कुठल्या महिन्यात हे चाललं नसतं, तारा तुटल्या असत्या, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, अंगावर आला असता. भादवा होता म्हणून मी खिडकीशी उभा राहू शकलो, आणि ती शिकू शकली. पंधरा दिवस लागले. आवाज न काढता तिनं म्हटलेलं पहिलं पुरं वाक्य मला पाठ आहे. "तुमच्या कानात कापूस आहे."

मी कानाला हात लावला. खरंच होता. ती हसली. ते वाचावं लागलं नाही.

नाकाला बोट लावायची खूण तिला इतकी आवडली की म नसला तरी लावायची. नाकात लवंगेएवढी चमकी होती, बोट बरोबर तिथं टेकायचं. मी म्हणायचो, अगं, म नाही यात. ती म्हणायची, असू दे, जरा शोभा.

घरी एकच खोली, मध्ये पडदा, पलीकडे तात्या आणि आई. नव्या जोडप्यानं बोलायचं कुठं? तिनं मिलची बोली घरात आणली. तात्या समोर बसलेले असताना ती मला काहीबाही सांगायची, नुसत्या ओठांनी, आणि कोणाला कळत नाही या आनंदात महिना गेला. एकदा तात्या पानावर बसले होते, ती चुलीपाशी, मी भिंतीला टेकून. ती मला म्हणाली, बिनआवाजी, "मामंजी आता चौथी पोळी मागणार, बघा."

तात्या म्हणाले, "मागणार नाही, सूनबाई. वाढलीस तर खाईन."

आम्ही दोघंही विसरलो होतो. तात्यांनी त्याच साच्यांवर तीस वर्षं काढली होती. प्रमिला मोरीत जाऊन बसली. त्या महिन्यात आपण काय काय बोललो ते एकेक आठवून तिला घाम फुटला असणार. बऱ्याच वेळानं तात्या हात धुवायला मोरीशी आले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "बाकीचं मी काही वाचलेलं नाही. माझं लक्ष पानात असतं." असे तात्या.

त्याच भादव्यात अनंत आला. तिच्या माहेरी अनंताचं व्रत, ते तिनं बरोबर आणलं. चौदा गाठींचा दोरा. पूजा करून दंडाला बांधायचा, वर्षभर ठेवायचा, पुढच्या अनंत चतुर्दशीला बदलायचा. दोरा बाजारात मिळतो. ती म्हणाली, "नवरा सूत काढतो आणि मी दोरा विकत आणू?"

मिलमधून सुताचं टोकही बाहेर नेता येत नसे. गेटवर झडती. मी खात्याच्या मोठ्या बाबूंना विचारलं. माणूस भला, त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. एक बॉबिन, अनंतासाठी. गेटवरचा चौकीदार नवा होता, भिंडकडचा. चिठ्ठी उलटी-सुलटी करून म्हणाला, "ये अनंत कौन है? बदली है कि परमानेंट?"

बदली म्हणजे रोज गेटवर येऊन उभा राहणारा, काम मिळालं तर मिळालं. मी जरा विचार केला. म्हटलं, "परमानेंट."

त्यानं सोडलं.

घरी सांगितलं तेव्हा प्रमिलानं बॉबिन देवापुढे ठेवली, हात जोडले आणि म्हणाली, "तुमच्या मिलमधला हा एकच परमनंट." तेव्हा आम्ही हसलो होतो.

मग ती सुताचे पदर करून, पीळ देऊन, कुंकवाच्या पाण्यात भिजवून गाठी मारायला बसली. मला बघवेना. साचेवाला गाठ मारत नाही. तार तुटली की बॉबिनवरचं टोक ओढून घ्यायचं आणि रोलरमधून उतरणाऱ्या कापसाला नुसतं टेकवायचं. पीळ आपोआप धरतो. याला सांधा म्हणतात. चांगला सांधा डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. गाठ मारली की ती पुढे मागावर अडकते, कापडात दाणा उमटतो, आणि जॉबर येऊन तुमच्या सात पिढ्यांची चौकशी करतो. मी म्हटलं, "गाठ म्हणजे खोट."

"तुमच्याकडे," ती म्हणाली. "आमच्याकडे गाठ म्हणजे देव. आता मध्ये बोलू नका, चुकेल."

एका बॉबिनवर किती सूत असतं हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. दर वर्षी ती त्यातलं लागेल तेवढं काढायची, दोन दोरे करायची. एक माझ्या उजव्या दंडाला, एक तिच्या डाव्या. आधी माझा. मी तो बाहीच्या आत वर सरकवून ठेवायचो, साच्यात अडकू नये म्हणून. देवाचं मला फार कळत नाही. बांधून घ्यायचो, कारण बांधताना ती जवळ बसायची.

पुढे मिल बंद झाली. कशी झाली, कोणामुळे झाली, यावर इंदुरात अजून पोहे थंड होईपर्यंत भांडणं चालतात. मला त्यात पडायचं नाही. एक दिवस सकाळी भोंगा झाला नाही, एवढं मला माहीत आहे. त्या दिवशी गल्लीतले सगळे उशिरा उठले आणि कोणालाच काय करावं ते कळेना. मग मी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ एका कापडाच्या दुकानात तागे उचलायचं काम धरलं. तागा हातात आला की बोट आधी दाणा शोधायचं. मालक म्हणायचा, "काका, माल बेचना है, कुंडली नहीं देखनी." आता मिलच्या जागी एका बाजूला उंच इमारती, एका बाजूला बाभळी, मध्ये चिमणी उभी.

कान मात्र मिलनं ठेवून घेतले. घरी प्रमिला माझ्याशी आवाज न काढताच बोलायची. शेजाऱ्यांना वाटे आमचा अबोला आहे. अबोला असला की ती पाठ फिरवायची. पाठ फिरवली की मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही, हे तिला चांगलं माहीत होतं. आणि दर भादव्यात ती बॉबिन बाहेर निघायची. मिल संपली, तिचं सूत संपलं नव्हतं.

गेल्या वर्षी श्रावणाच्या शेवटी तिला धाप लागायला लागली. पलासियाकडच्या एका दवाखान्यात ठेवलं. पंधरा दिवस तिथं होतो. श्वास घेता येईना म्हणून डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन नळी बसवली. अशी नळी बसवली की आवाज जातो. बाळा, माझा मुलगा, डॉक्टरांना इंग्रजीत विचारत होता की आई बोलणार कधी. मी म्हटलं, ती बोलतेच आहे, तू बघत नाहीस. ती ओठ हलवायची, मी सांगायचो. पाय चेपा. पंखा कमी करा. ही नर्स बरी आहे, सकाळची नको. सकाळची नर्स म्हणाली, "अंकलजी, आप तो मशीन हो." मी म्हटलं, मशीनवरच होतो.

त्या दुपारी बाळा खाली चहा प्यायला गेला होता. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. दोन अक्षरं. ओठ मिटले, उघडले, मग जीभ वर. मी वाचलं, बाळा. तिचा हात उचलला गेला, तोंडाच्या दिशेनं. नर्सनं बजावून ठेवलं होतं, "हाथ पकड़ के रखना, नली खींच लेती हैं." मी हात धरला. तिनं पुन्हा तेच म्हटलं. पुन्हा हात वर यायला लागला. हातात जोर नव्हता तिच्या, मीच घट्ट धरला. म्हटलं, बोलावतो, बाळाला बोलावतो. बाळा धावत आला. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग डोळे मिटले. संध्याकाळी गेली.

तेराव्याला मी सगळ्यांना सांगितलं, मुलाचं नाव घेऊन गेली. भेटायला येईल त्याला सांगत होतो. बाळा शेजारी बसून मान खाली घालून ऐकायचा. पन्नाशीचा माणूस, दातांच्या डॉक्टरांना खुर्च्या आणि यंत्रं विकतो, दिवसभर फोनवर बोलतो. पण या गोष्टीवर कधी बोलला नाही. मला वाटायचं, दुःख आहे.

आता परवा-तेरवाचं. अनंत चतुर्दशीला आमच्या इंदुरात मिलच्या झांक्या निघतात, सजवलेल्या गाड्यांवर देवांचे देखावे. मिली बंद आहेत, झांक्या चालू आहेत. जुने कामगार वर्गणी काढतात, हातानं खपतात. बाहेरगावच्या माणसाला हे कळत नाही, समजावायला मी जात नाही. मिलच्या आवारात झांकीचं काम चालू होतं, मी खुर्ची टाकून बसलो होतो. एकीकडे वेल्डिंग, एकीकडे ठोकाठोक, कडेला ढोलवाल्यांची तालीम. गेंदालाल शिडीवर. ऐंशीला टेकला आहे, उतर म्हटलं तर दोन पायऱ्या वर जातो. मूर्तीच्या गळ्यात घालायच्या झेंडूच्या माळा माझ्या मांडीवर होत्या. त्यानं वरून माझ्याकडे बघितलं, त्या कल्लोळात आवाज कशाला काढेल, ओठ हलवले. माला. आणि नाकाला बोट लावलं.

मी माळ दिली नाही. उभाच राहिलो. तेच ओठ. मिटले, उघडले, जीभ वर. आणि प्रमिलाचा हात आठवला. गळ्याची नळी खाली असते. हात नळीवरून वर चालला होता.

गेंदालाल शिडीवरून उतरून आला. "क्या हुआ रे?" मी सांगितलं. त्याला प्रमिला माहीत होती, खिडकी माहीत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इतने साल साँचे पे रहा और नाक भूल गया?" मग माझ्या शेजारी जमिनीवर बसला. आणि सांडलेल्या माळा एकेक करून उचलायला लागला.

बाळा नव्हे. माळा.

आमच्या खोलीत देव्हाऱ्याच्या वर फळ्यांचा बुटका माळा आहे, स्टुलावर चढलं की हात पोचतो. वर्षभर मी देव्हाऱ्याकडे बघितलं नव्हतं, वर कुठलं बघतो? घरी आलो, स्टूल लावलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत ती बॉबिन, अजून चांगलं सूत असलेली. आणि कुंकवाचा एक दोरा. नऊ गाठी मारलेल्या, पुढे नुसता. अलीकडे तिची बोटं आखडायची, म्हणून ती श्रावणातच बसायची आणि दिवसाला एक गाठ मारायची. अर्धा दोरा कोणाच्या हाती लागू नये म्हणून वर ठेवायची. नवव्या दिवसानंतर दवाखाना. दोरा एकच होता, म्हणजे माझा.

स्टुलावरून उतरलो ते जमिनीवरच बसलो. मी तिचा हात धरून ठेवला होता. एका अक्षरासाठी वर येणारा हात.

पण मग दुसरी गोष्ट समोर आली. बाळाला सांगायचं का? मी आयुष्यभर तोंडावर बोलत आलो. जॉबरला बोललो, मालकाला बोललो, व्याह्यांना लग्नात बोललो. पण या पोराकडे आईचा म्हणून एक शब्द होता, मीच दिलेला, तो परत मागायचा कसा? दोन रात्री नीट झोप नाही. प्रमिला असती तर म्हणाली असती, आता गप्प बसायला शिकून काय करणार, सांगा.

काल वर्षश्राद्ध झालं. गुरुजी गेले, जेवणं उरकली, सून आत भांडी आवरत होती. मी डबा आणून बाळापुढे ठेवला आणि म्हटलं, "बाळा, माझी एक चूक झाली." सगळं सांगितलं. नाकाची खूण, हात, शिडी, माळा. माझा आवाज चढला असणार, मला तो कळत नाही. सून हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली. "ती तुझं नाव घेत नव्हती," मी म्हटलं.

बाळानं दोऱ्याला हात लावला नाही. माझ्याकडे तोंड करून, ओठ दिसतील असं सावकाश म्हणाला, "माहीत आहे, बाबा."

"काय माहीत आहे?"

"मी धावत आलो तेव्हा आई परत तुमच्याकडेच बघत होती. आणि ती मला बाळा म्हणायचीच नाही. बाळा तुम्ही म्हणता. आई बाळ्या म्हणायची. शाळेत होतो तेव्हापासून."

पन्नास वर्षं एका घरात, आणि हे मला माहीत नव्हतं. तो य माझ्यापर्यंत कधी पोचलाच नाही. आवाज त्याचा मला नाही, आणि ओठांवर तो दिसत नाही.

"मग वर्षभर बोलला का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगून राहिले होते. तेवढंच तुमचं समाधान होतं. मी कशाला तोडू?"

"आणि तुला काय वाटलं? काय म्हणाली असेल?"

त्यानं खांदे उडवले. "मला वाटलं, तुम्हाला काहीतरी सांगत होती. तुमच्या दोघांचं काहीतरी. लहानपणापासून तेच तर बघतोय, बाबा. तुम्ही दोघं बोलायचे आणि घरात आवाज नसायचा. मी अभ्यास करत बसायचो. मला वाटायचं, माझ्यावरच बोलून राहिले." मग जरा हसला. "ये नाक वाला सिस्टम मुझे आज पता चला."

साचेवाल्याचा पोरगा. आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं. मिल बंद होणार याची कुणकुण लागली तेव्हा तो लहान होता, आणि मी ठरवलं होतं की याला मिलचं काही शिकवायचं नाही. तेव्हा ते शहाणपण वाटलं होतं.

मी वर्षभर त्याच्या शेजारी बसून त्याचा म्हणून एक शब्द सांगत होतो, तो माझा म्हणून ऐकत होता. चांगला सांधा दिला होता पोरानं. मला दिसला नाही, बोटाला लागला नाही.

पाच गाठी राहिल्या होत्या. मी दोरा हातात घेतला तर बोटं गाठ मारेनात. टोकं जवळ आणली की अंगठा आपोआप पीळ द्यायला लागायचा. बाळा म्हणाला, "द्या इकडे," आणि टोक धरून बसला. दोन मी मारल्या, तीन त्यानं. सून म्हणाली, आईंच्या गाठी मोहरीएवढ्या आणि तुमच्या तुरीच्या दाण्याएवढ्या. खरं आहे. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतं की कुठपर्यंत ती होती आणि कुठून आम्ही. जॉबर असता तर त्यानं मला दोऱ्यासकट बाहेर फेकलं असतं. उद्या अनंत आहे, दंडाला बांधीन.

ते निघाले तेव्हा गल्लीत ढोलवाल्यांची टोळी शिरली होती. गाडी पलीकडे उभी होती, मी ओट्यावर. बाळा आत बसला, काच खाली केली, माझ्याकडे बघितलं. काहीतरी म्हणाला. ढोलांत कोणालाच काही ऐकू आलं नसतं, कान धड असलेल्यालाही नाही. मी मान हलवली, कळलं नाही म्हणून. मग तो थांबला. स्टिअरिंगवरचा एक हात उचलला, नाकाला बोट लावलं, आणि ओठ मिटून, उघडून, अगदी चणे न चावता, पुन्हा म्हणाला.

मी येतो.